पारदर्शक मायक्रोवेव्ह शोषक आणि त्यांची बदलती वारंवारता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काचेतून पलीकडचं स्वच्छ दिसावं, पण त्याच काचेवर आदळलेली रडारची लहर परतही फिरू नये आणि पलीकडेही पोचू नये. शिवाय कोणती लहर गिळायची, हे हवं तेव्हा बदलता यावं. अशा पदार्थांबद्दल विद्यार्थी, अभियंते आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणारे लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आकडे भरपूर आहेत, पण ते समजायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

प्रकाश आरपार जातो आणि मायक्रोवेव्ह अडकते. एकाच पदार्थात हे दोन्ही कसं शक्य आहे?

दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच, पण त्यांच्यात अंतर प्रचंड आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, तर १० गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हची ३ सेंटीमीटर. म्हणजे फरक पन्नास हजार पटींच्या आसपास. इतक्या फरकाने एकच पदार्थ दोघांशी वेगळा वागला, तर त्यात आश्चर्य नाही.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे इंडियम टिन ऑक्साइड, रोजच्या बोलण्यात आयटीओ. मोबाईलच्या टचस्क्रीनवर असतो तोच. त्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, पण धातूच्या मानाने फार कमी. मायक्रोवेव्हच्या संथ हेलकाव्यांना ते सहज साथ देतात, त्यामुळे तिथे आयटीओ धातूसारखा वागतो. वारंवारता वाढत वाढत अवरक्ताच्या पलीकडे गेली की इलेक्ट्रॉनांना तो वेग झेपत नाही आणि लहर आरपार निघून जाते. दुसऱ्या टोकाला, बांधलेल्या इलेक्ट्रॉनांना उचलायला या पदार्थात साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टहून जास्त ऊर्जा लागते, आणि जांभळ्या प्रकाशाच्या फोटॉनकडेही सुमारे ३.१च असते. दोन्हीकडून सुटलेली मधली फट म्हणजे नेमका आपल्या डोळ्यांना दिसणारा पट्टा. निसर्गाने दिलेली ही सवलत नसती, तर हा विषयच उभा राहिला नसता.

दुसरी वाट भूमितीची आहे. काही मायक्रोमीटर रुंदीच्या धातूच्या तारांची विरळ जाळी काचेवर छापली, तर डोळ्याला ती जवळपास दिसत नाही. ३ सेंटीमीटरच्या लहरीला मात्र तो सलग पत्राच वाटतो.

मग काचेवर आयटीओचा थर लावला की झालं का शोषण?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. चांगला वाहक थर लहर शोषत नाही, परतवतो. १० ओहम प्रति चौरस रोधाचा (म्हणजे थराच्या लहान-मोठ्या कुठल्याही चौरस तुकड्याचा कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध) आयटीओ थर एकटाच हवेत धरला, तर सुमारे ९० टक्के ऊर्जा परावर्तित होते, पाव टक्का आरपार जाते आणि शोषली जाते ती १० टक्क्यांहून कमी. हे शिल्डिंग झालं, म्हणजे लहर नुसती अडवून परतवणं. लढाऊ विमानाच्या कॉकपिटवरचं पारदर्शक वाहक आवरणही मुख्यतः याच कामाचं असतं. रडारची लहर आत शिरून आसनं आणि उपकरणांवर आपटून परत येण्यापेक्षा ती बाहेरच्या घाटदार पृष्ठभागावरूनच दुसरीकडे वळवलेली बरी.

रोध वाढवत नेला तर शोषण वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. एकट्या पातळ थराचं शोषण जास्तीत जास्त ५० टक्के, तेही १८८ ओहम प्रति चौरसला. उरलेली ऊर्जा निम्मी मागे, निम्मी पुढे. कुठल्याही पदार्थाचा पातळ थर घ्या, ही मर्यादा चुकत नाही.

९९ टक्के शोषण मिळतं ते कसं?

पाठीमागे परावर्तक लावून. मूळ रचना विनफिल्ड सॅलिसबरी यांची, अमेरिकेतलं पेटंट १९५२चं. परावर्तक पत्र्यावर विद्युतक्षेत्र शून्याच्या जवळ असतं आणि तिथून पाव तरंगलांबी पुढे ते सर्वाधिक असतं. नेमक्या त्या जागी ३७७ ओहम प्रति चौरसाचा रोधक थर ठेवायचा. मोकळ्या अवकाशाची प्रतिबाधाही, म्हणजे लहरीतल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तरही, ३७७ ओहमच आहे. त्यामुळे येणाऱ्या लहरीला पुढे काही अडथळा असल्याचं कळतच नाही, ती आत शिरते आणि त्या थरात उष्णता होऊन संपते.

पारदर्शक आवृत्तीत पाठीमागचा पत्रा म्हणजे कमी रोधाचा आयटीओ किंवा धातूची सूक्ष्म जाळी, पुढचा थर जास्त रोधाचा आयटीओ आणि मध्ये काच, अ‍ॅक्रिलिक किंवा नुसती हवा. १० गिगाहर्ट्झला हवेत हे अंतर साडेसात मिलिमीटर येतं. अ‍ॅक्रिलिक भरलं तर साडेचार मिलिमीटरच्या जरा वर, कारण पदार्थात तरंगलांबी आखडते.

यात एक खोच आहे. १० गिगाहर्ट्झला जुळवलेली ही रचना ३० आणि ५० गिगाहर्ट्झलाही शोषते, पण २० गिगाहर्ट्झला जवळजवळ काहीच करत नाही. तिथे रोधक थर नेमका शून्य क्षेत्राच्या जागी सापडतो.

पुढचा टप्पा २००८चा. नेथन लँडी, विली पॅडिला आणि सहकाऱ्यांनी नक्षीदार धातूचा ‘परिपूर्ण शोषक’ मांडला, ११.५ गिगाहर्ट्झच्या आसपास. त्यात पाव तरंगलांबीची अट राहिली नाही. नक्षीतल्या प्रत्येक तुकड्याचं स्वतःचं इंडक्टन्स (चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची क्षमता) आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतं, त्यांच्या अनुनादावर, म्हणजे तुकडा ज्या वारंवारतेला सर्वात जोरात डोलतो तिथे, शोषण होतं, आणि जाडी तरंगलांबीच्या कितीतरी पट कमी ठेवता येते. हीच नक्षी आयटीओत कोरली की पारदर्शक मेटामटेरियल (ज्याचे गुण मुख्यतः नक्षीतून येतात असा) शोषक तयार.

‘९० टक्के शोषण’ आणि ‘उणे १० डीबी’ एकच का?

पाठीमागून काहीच गळत नसेल तर होय. डीबी म्हणजे डेसिबल, किती ऊर्जा परतली ते सांगणारं माप. उणे १० डीबी म्हणजे १० टक्के परावर्तन, उणे २० म्हणजे १ टक्का. पण पारदर्शक परावर्तक धातूच्या पत्र्याइतका पक्का नसतो, म्हणून पलीकडे किती गेलं तेही मोजून वजा करावं लागतं.

वारंवारता बदलायची कशाला? एकदाच रुंद पट्ट्याचा शोषक का बनवत नाहीत?

बनवतात, पण जाडीत किंमत मोजावी लागते. २००० साली कॉन्स्टँटिन रोझानोव्ह यांनी दाखवलं की पाठीला परावर्तक असलेल्या, चुंबकीय नसलेल्या कुठल्याही शोषकाला एक किमान जाडी लागतेच. उणे १० डीबीसाठी ढोबळ नियम सोपा आहे: पट्ट्याच्या दोन टोकांच्या तरंगलांब्यांमधला फरक घ्या आणि १७ने भागा. ८ ते १२ गिगाहर्ट्झसाठी उत्तर पाऊण मिलिमीटरच्या आत येतं. २ ते १८ गिगाहर्ट्झ म्हटलं की जवळपास ८ मिलिमीटर. ही झाली सिद्धांतातली सीमा, प्रत्यक्षातल्या रचना तिच्याहून जाडच असतात.

चुंबकीय पदार्थ वापरून ही अट सैल करता येते, पण फेराइट आणि लोखंडाची भुकटी अपारदर्शक. म्हणजे पारदर्शकता हवी असेल तर ती पळवाटही बंद.

रोझानोव्हची सीमा एका वेळच्या, एका स्थिर अवस्थेला लागू होते. अरुंद पट्ट्याचा पातळ शोषक हवा तिथे सरकवता आला, तर कमी जाडीत मोठा प्रदेश सांभाळता येतो, फक्त एकाच वेळी सगळा नाही. वारंवारता जुळवण्यामागचं सगळ्यात भक्कम कारण मला हेच वाटतं.

‘जुळवता येणारा शोषक’ म्हणजे नेमकं काय जुळतं?

माझ्या मते या विषयातला हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो फारच कमी वेळा विचारला जातो.

प्रयोगशाळेत नमुन्यासमोर हॉर्न अँटेना असतो आणि व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर परावर्तनाचा आलेख, म्हणजे कोणत्या वारंवारतेची किती लहर परतली त्याचं चित्र. जिथे शोषण होतं तिथे आलेखाला खळगा पडतो. आता नमुन्यावरचा व्होल्टेज हळूहळू वाढवा आणि खळग्याकडे बघत राहा. तो खोल किंवा उथळ होतो आहे, पण १० गिगाहर्ट्झवरच ठाण मांडून आहे? मग तुम्ही शोषणाचं प्रमाण बदलत आहात, वारंवारता नव्हे. खळगा डावी-उजवीकडे सरकतो आहे? तर वारंवारता बदलते आहे. दोन्हीला ‘ट्यूनेबल’ म्हणतात, आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात तोच एक शब्द असल्याने वाचणारा फसतो.

यामागचं भौतिकशास्त्र सरळ आहे. थराचा रोध बदलला की मुख्यतः खोली बदलते. कपॅसिटन्स, इंडक्टन्स, जाडी किंवा मधल्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) बदलला की खळगा सरकतो. कुठलीही नवी रचना समोर आली की आधी पाहावं, यातलं नेमकं काय बदलतं आहे.

ग्राफीन व्होल्टेजने बदलतं. मग तोच उत्तम उपाय नाही का?

ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड थर, खरंच विलक्षण आहे. एक थर दृश्य प्रकाशाचा केवळ २.३ टक्के भाग शोषतो आणि काही व्होल्टमध्ये त्याचा रोध कित्येक पटींनी बदलतो. २०१५ साली तुर्कस्तानातल्या बिल्केंट विद्यापीठात जोश्कुन कोजाबाश यांच्या गटाने ग्राफीनलगत आयनिक द्रव (आयनांचाच बनलेला द्रव) ठेवून रडार लहरींचं परावर्तन व्होल्टेजने कमी-जास्त करून दाखवलं. मोठ्या पृष्ठभागावर हे जमतं, हे त्या कामाने स्पष्ट झालं.

पण वरचा प्रश्न इथे लावून पाहा. ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन पिकोसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर आपटून विखुरतात. १० गिगाहर्ट्झचं एक आवर्तन १०० पिकोसेकंदांचं असतं. म्हणजे एका आवर्तनात हजारभर वेळा विखुरणं. अशा वेळी ग्राफीन हा निव्वळ रोध असतो, त्याच्यात कपॅसिटन्स-इंडक्टन्सचा अंश नगण्य. म्हणून गिगाहर्ट्झमध्ये तो प्रामुख्याने खळग्याची खोली बदलतो. टेराहर्ट्झमध्ये (१ टेराहर्ट्झ म्हणजे १००० गिगाहर्ट्झ) चित्र पालटतं, तिथे ग्राफीनची नक्षी खरोखर वारंवारता सरकवते. टेराहर्ट्झचे निष्कर्ष वाचून मायक्रोवेव्हकडून तीच अपेक्षा ठेवली की निराशा होते.

याचा अर्थ ग्राफीन कुचकामी असा मुळीच नाही. ‘चालू-बंद’ होणारा शोषक हवा असेल तर त्याच्याइतका पातळ आणि पारदर्शक पर्याय दुसरा सापडणं कठीण. वेग मात्र फार अपेक्षू नका. मोठ्या क्षेत्रफळात आयनांना हलायला वेळ लागतो.

मग वारंवारता खरोखर सरकवायची कशी?

रस्ते अनेक आहेत, आणि प्रत्येकाने पारदर्शकतेशी कुठे ना कुठे तडजोड केलेली आहे.

व्हॅरेक्टर डायोड हा सर्वात भरवशाचा. उलट्या दिशेने दिलेला व्होल्टेज वाढवला की त्याचं कपॅसिटन्स घटतं. ते चौथाई झालं तर अनुनादाची वारंवारता दुप्पट होते, निदान ज्या सर्किटात सगळं कपॅसिटन्स त्याचंच आहे तिथे. नक्षीतलं कपॅसिटन्सही त्यात मिसळतं, म्हणून प्रत्यक्षात बदल कमी मिळतो. अडचण दिसण्याची आहे: डायोड अपारदर्शक, आणि नक्षीच्या प्रत्येक तुकड्याला एक लागतो. दुरून काच पारदर्शक वाटते, जवळून ठिपकेच ठिपके.

द्रव स्फटिक, म्हणजे पडद्यांमध्ये असतात तेच, मधल्या थरात भरले तर व्होल्टेजने रेणूंची दिशा वळते आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक बदलतो. सरकणं मर्यादित असतं, दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात. थर जाड केला तर प्रतिसादाचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि मायक्रोवेव्हला थर पडद्यातल्यापेक्षा जाडच लागतो. शिवाय जाड थर दुधाळ दिसायला लागतो.

व्हॅनेडियम डायऑक्साइड ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास विद्युतरोधकाचा वाहक होतो. बदल जोरदार आहे, पण थराला पिवळट-तपकिरी झाक असते आणि सतत तापवत ठेवावं लागतं. नक्षीतले तुकडे जोडणारा-तोडणारा स्विच म्हणून तो चांगला.

आणि सर्वात साधा उपाय: हवेची फट कमी-जास्त करणं. फट ९.४ मिलिमीटर तर ८ गिगाहर्ट्झ, ७.५ तर १०, आणि ६.२५ तर १२. पारदर्शकतेला धक्का नाही, डायोड नाहीत, दुधाळपणा नाही. यंत्रणा हलती आहे आणि म्हणून संथ आहे, हे मान्य. तरी खिडकीसारख्या वापरासाठी या उपायाला मिळायला हवं तितकं लक्ष मिळत नाही असं मला वाटतं.

पाणी वापरतात असं वाचलं. ते खरं आहे?

हो, आणि ते फार सुंदर आहे. पाणी डोळ्याला पारदर्शक, पण मायक्रोवेव्हला जवळपास भिंत. खोलीच्या तापमानाला त्याचा स्थिर डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०च्या आसपास असतो. पाण्याचे ध्रुवीय रेणू बदलत्या क्षेत्राबरोबर वळू पाहतात, आणि सुमारे २० गिगाहर्ट्झला ते सर्वाधिक मागे पडतात. या मागे पडण्यातूनच ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून काही मिलिमीटरच्या पारदर्शक साच्यात पाणी भरून पाठीला आयटीओ लावला, की बराच रुंद पट्टा शोषणारी रचना मिळते. स्थिरांक इतका मोठा असल्याने ती पातळही राहते.

जुळवण्याचे मार्गही अनेक आहेत: पाण्याची पातळी, तापमान, साच्याचा आकार. पाणी काढून टाकलं की शोषण जवळपास बंद. पण पाणी गोठलं तर सगळा खेळ संपतो. बर्फातले रेणू जखडलेले असतात, स्थिरांक ३.२च्या आसपास उतरतो आणि शोषण नगण्य होतं. बुडबुडे आणि शेवाळ हे शोधनिबंधात क्वचित दिसणारे, पण प्रत्यक्षात हमखास येणारे त्रास.

पारदर्शक म्हणजे किती?

साधी काचही सुमारे ९२ टक्केच प्रकाश सोडते, दोन पृष्ठभागांवर मिळून ८ टक्के परत जातो. त्यावर दोन-तीन वाहक थर आले की ७० ते ८० टक्के हा चांगला आकडा. टक्क्यांइतकाच धूसरपणाही पाहायला हवा. जाळीदार रचना प्रकाश सोडते खरी, पण समोर तेजस्वी दिवा आला की त्याभोवती रेषा उमटतात.

लहर तिरकी आली तर?

खळगा वरच्या वारंवारतेकडे सरकतो. हवेची फट असलेला १० गिगाहर्ट्झचा शोषक ३० अंशांच्या कोनात ११.५ला, तर ६० अंशांत २० गिगाहर्ट्झला जुळलेला दिसतो, आणि शोषणही घटतं. नक्षीदार पातळ रचना इथे जास्त समंजस असतात.

प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवावा?

तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पलीकडे गेलेली ऊर्जा मोजली आहे की शून्य धरली आहे. दुसरी, नमुना तरंगलांबीच्या कित्येक पट मोठा होता का. लहान तुकड्याच्या कडांवरून होणारं विखुरणं आलेख बिघडवतं. तिसरी, आणि ही फार वेळा सुटते: नक्षी लहरीचं ध्रुवीकरण, म्हणजे तिच्या विद्युतक्षेत्राची दिशा, वळवत असेल, तर परतलेली लहर ९० अंशांत फिरलेली असते आणि त्याच दिशेला जुळवलेल्या अँटेनाला ती दिसतच नाही. आलेखात खोल खळगा, प्रत्यक्षात शोषण नाही. अँटेना आडवा करून पुन्हा मोजलं आहे का, ते शोधा.

शोषलेली ऊर्जा जाते कुठे? काच तापेल का?

उष्णतेत जाते. पण प्रमाण बघा. १०० मिलिवॉटचा वाय-फाय राउटर सगळीकडे सारखा पसरत असेल, तर १ मीटरवर दर चौरस मीटरला सुमारे ८ मिलिवॉट. भर उन्हात हाच आकडा १००० वॉटच्या आसपास असतो. तापण्याची चिंता शक्तिशाली रडारच्या अगदी समोर असलेल्या पृष्ठभागालाच करावी लागते.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला जाळीऐवजी हे लावता येईल?

नाही, आणि प्रयोग म्हणूनही करू नये. ओव्हनच्या आत शेकडो वॉट फिरत असतात आणि दाराची छिद्रं असलेली जाळी ते परत आत ढकलते, तेच तिचं काम. तिथे शोषक लावला तर तोच तापून फुटेल आणि गळती डोळ्यांपर्यंत पोचेल.

खिडकीला लावलं तर मोबाईलचा सिग्नल जाईल का?

कमी होईल. इमारतींच्या उष्णतारोधक काचांवर चांदीचा अतिपातळ थर असतो, त्यामुळे आजही कित्येक खोल्यांत सिग्नल पडतो. फरक असा की तो थर सगळंच परतवतो, तर वारंवारता निवडता येणारा शोषक एखादा पट्टा गिळून बाकीचे सोडू शकतो. त्यासाठी मागचा परावर्तकही निवडक नक्षीचा लागतो, आणि रचना बरीच अवघड होते. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला पाव तरंगलांबीच ३१ मिलिमीटर आहे, म्हणजे तिथे नक्षीशिवाय पर्याय नाही. उलट गाड्यांच्या ७७ गिगाहर्ट्झ रडारला ती जेमतेम १ मिलिमीटर.

सुरुवात करायची असेल तर काय घ्यावं?

आयटीओ लावलेली प्लास्टिकची फिल्म, वेगवेगळ्या रोधाची. रोध स्वतः मोजा. फिल्मचा चौरस तुकडा कापा, समोरासमोरच्या दोन पूर्ण कडांना चांदीची पेस्ट लावा, त्यावर तांब्याची पट्टी दाबा आणि मल्टिमीटर जोडा. येणारा आकडा हाच ओहम प्रति चौरस, तुकडा लहान असो वा मोठा. फिल्म दुमडू नका. जिथे घडी पडते तिथे आयटीओला केसासारख्या भेगा जातात, डोळ्याला काही दिसत नाही, पण मल्टिमीटरवरचा आकडा चढलेला असतो. पहिली रचना हवेच्या फटीची ठेवा, चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या चकत्या घालून. चकत्यांची जाडी बदलली की खळगा कुठे जातो ते आधी कागदावर काढा, मग मोजा. आणि प्रत्येक मोजणीआधी त्याच मापाचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा त्याच जागी ठेवून संदर्भ घ्या.